उपडं मडकं

नवी मुंबईतलं घणसोली गाव. २६ जानेवारीची संध्याकाळ. सुट्टी साधून डोंबिवलीची आत्या आलीये, उरणचे मामा आलेत, आणि सगळे घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर जमलेत. आज पोपटी लागणार, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायचा बेत.

चिकन हौसेचं. पोपटीत मान वालाच्या शेंगांचा. भात कापला की त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा. वेगळं पाणी नाही, आणि थंडीत शेंगा भरून यायच्या. १९७० साली सिडको, नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घ्यायच्या ठरल्या. शेतं गेली, त्यांच्यासोबत वालही. या शेंगा मामांनी पेणहून आणल्यात.

भांबुर्डी मात्र इथलीच. बांधावरचं हे तण आता कुंपणाच्या कडेला उगवतं. चुरडलं की उग्र वास येतो; शेळीही तोंड लावत नाही म्हणतात. ती नसली तर? आजी हसते. “मंग ती पोपटी नाय, उकडलेल्या शेंगा.”

मडक्याच्या तळाशी भांबुर्डी. वर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात बांधलेलं मसाल्याचं चिकन, पुन्हा शेंगा. तोंडाशी भांबुर्डीचा बोळा, अगदी ठासून. पाण्याचा थेंब नाही. शेंगांचं आणि पाल्याचं अंगचं पाणीच वाफ होतं, आणि बोळा ती आत कोंडून धरतो. म्हणून बोळा सैल बसला की आजी पोराला परत बसवायला लावते. दोनदा लावला.

मडकं जमिनीवर उपडं. भोवती पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या. जाळ धरतो.

अर्धा-पाऊण तास. घड्याळ कुणी बघत नाही. काका तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडतात. पहिल्यांदा नुसतंच सुकलं. थांबा. दुसऱ्यांदा चर्र!

काठीने निखारे बाजूला. कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा अंथरलाय, त्यावर केळीची पानं, आणि पानांवर मडकं रितं होतं. धुराचा, ओव्याचा, भांबुर्डीचा वास एकदम अंगावर येतो. पोरं चिकनवर तुटून पडतात.

आजी शेंग दातांत धरून ओढते. दाणे तोंडात, साल हातात. दुसरी शेंग. तिसरी. तिच्या वाट्याची चिकनची पुरचुंडी अजून तशीच बांधलेली आहे.