बेन झोब्रिस्ट नेमका कोठे खेळत असे?

आजच्या व्याख्यानाचे शीर्षक निमंत्रणपत्रिकेत ‘युटिलिटी खेळाडूची गरज का निर्माण झाली?’ असे छापले आहे. युटिलिटी खेळाडू म्हणजे बेसबॉलमध्ये गरजेप्रमाणे मैदानातील निरनिराळ्या जागी उभा राहू शकणारा खेळाडू. ते मीच कळवलेले असल्यामुळे उत्तर देणे मला भाग आहे आणि ते मी देईनही. परंतु ज्याच्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात घर करून बसला, त्या बेन झोब्रिस्ट या बेसबॉलपटूविषयी आधी थोडे बोलू द्यावे. शिकागोच्या परिसरात राहणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना २०१६ च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना सांगण्याची आवश्यकता नाही. क्लीव्हलंडमध्ये सहा-सहा अशी बरोबरी, पावसामुळे सतरा मिनिटांचा खोळंबा, नेहमीच्या नऊ इनिंग संपल्यावरच्या दहाव्या इनिंगमध्ये अँथनी रिझोला मुद्दाम वॉक देऊन, म्हणजे फटका मारू न देता फर्स्ट बेसवर जाऊ देऊन, झोब्रिस्टशी सामना करण्याचा प्रतिपक्षाचा निर्णय, आणि ब्रायन शॉच्या चेंडूवर त्याने डाव्या रेषेलगत मारलेला तो डबल, म्हणजे सेकंड बेसपर्यंत पोहोचवणारा फटका. १९०८ नंतर प्रथमच आपले शिकागो कब्स विजेते ठरले आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान झोब्रिस्टला मिळाला. सभागृहात शिकागोच्याच व्हाइट सॉक्सचे चाहतेही दिसत आहेत, म्हणून त्यांच्या २००५ च्या विजेतेपदाचा उल्लेख करतो, झाला.

आता एक साधा प्रश्न विचारतो. तो फटका मारणारा हा गृहस्थ त्या रात्री क्षेत्ररक्षणाला कोठे उभा होता? ‘सेकंड बेस’, म्हणजे दुसऱ्या बेसजवळची जागा, असे उत्तर मला आताच दोन-तीन ठिकाणांहून ऐकू आले. ते चुकीचे असले तरी स्वाभाविक आहे. तो लेफ्ट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या दूरच्या डाव्या भागात, होता. सेकंड बेसवर तो आदल्या वर्षीच्या वर्ल्ड सीरिजमध्ये होता, तेव्हा त्याच्या अंगावर कॅन्सस सिटी रॉयल्सचा गणवेश होता आणि तीही मालिका त्याच्या संघाने जिंकली होती. लागोपाठ दोन वर्षे, दोन वेगळे संघ, दोन वेगळ्या जागा आणि दोन विजेतेपदे. एवढे असूनही त्याची जागा कोणती, हे त्याच्या चाहत्यांनासुद्धा छातीठोकपणे सांगता येत नाही.

माझे म्हणणे असे आहे की अशा खेळाडूचे मोल त्याच्या नावापुढील आकड्यांत पूर्णपणे सापडत नाही. त्याच्यामुळे इतर कोण कोठे उभे राहू शकले, यात ते शोधावे लागते. २०१५ च्या जुलैत रॉयल्सचा लेफ्ट फील्डर ॲलेक्स गॉर्डन जायबंदी झाला, तेव्हा त्यांनी ओकलंडकडून झोब्रिस्टला आणून त्या जागी उभे केले. गॉर्डन परतला, तेव्हा नवागताला बाकावर बसवावे लागले नाही. सेकंड बेसवरील ओमार इन्फान्तेची बॅट वर्षभर थंड होती, म्हणून झोब्रिस्ट तेथे गेला. पुढच्या वर्षी कब्सच्या काइल श्वार्बरचा गुडघा एप्रिलमध्येच गेला आणि लेफ्ट फील्ड मोकळे पडले. हंगामभर मुख्यतः सेकंड बेसवर खेळलेला झोब्रिस्ट ऑक्टोबरात तिकडे सरकला आणि सेकंड बेस हावियेर बाएझला मिळाला. त्याच महिन्यात नॅशनल लीगच्या (अमेरिकन लीगप्रमाणेच बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी एक) अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान बाएझला जॉन लेस्टरबरोबर विभागून मिळाला. या मानातील झोब्रिस्टचा वाटा कोणत्या रकान्यात लिहायचा, हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

आपल्यातील क्रिकेटप्रेमींसाठी एवढेच सांगतो की २००३ च्या विश्वचषकात राहुल द्रविडने यष्टिरक्षण केले, म्हणून भारताला एक फलंदाज अधिक खेळवता आला. त्या अधिकच्या फलंदाजाच्या धावा द्रविडच्या खात्यावर कोणी मांडल्या नाहीत.

हा माणूस मुळात आपल्याच इलिनॉय राज्यातील युरेका या छोट्या गावचा आणि धंद्याने शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. ह्यूस्टनने त्याला २००४ मध्ये निवडले आणि २००६ मध्ये ऑब्री हफच्या बदल्यात टॅम्पा बेला देऊन टाकले. तेथे २००७ मध्ये त्याची बॅटिंग सरासरी ०.१५५ होती, म्हणजे सहा प्रयत्नांत एक हिटसुद्धा धड नाही. पुढे जेसन बार्टलेट आल्यामुळे शॉर्टस्टॉपची जागाही गेली. अशा वेळी खेळाडू सहसा मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवरील स्पर्धांत, विरून जातात. परंतु व्यवस्थापक जो मॅडन याने त्याला रिकाम्या दिसेल त्या जागी उभे करण्यास सुरुवात केली. मे २००९ मध्ये अकिनोरी इवामुराचा गुडघा दुखावला आणि झोब्रिस्टला सेकंड बेस मिळाला, तरीही त्याचे फिरणे थांबले नाही. त्या हंगामात पिचर (चेंडू फेकणारा) आणि कॅचर (बॅटरच्या मागे तो झेलणारा) वगळता सातही जागांवर तो खेळला आणि सरासरी ०.२९७, होम रन २७, अशी फलंदाजी केली. उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही बाजूंनी बॅटिंग करत असल्यामुळे समोरचा पिचर कोणत्या हाताचा आहे, हे पाहून त्याला बसवण्याचाही प्रश्न येत नसे.

आता माझी तक्रार. अष्टपैलुत्वाचा विषय निघाला की लोक झोब्रिस्टची नव्हे, बर्ट कँपानेरिसची गोष्ट सांगतात. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सचा मालक चार्ली फिन्ली याने प्रेक्षक खेचण्यासाठी या शॉर्टस्टॉपला एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळवले. संघ त्या वर्षी तळाला होता, त्यामुळे हरण्याची भीती कोणालाच नव्हती. ती सवय झाली होती. दर इनिंगला जागा बदलत कँपानेरिस आठव्या इनिंगमध्ये पिचर झाला आणि त्याच्यासमोर पहिलाच बॅटर आला तो त्याचा नातलग होजे कार्देनाल. त्याने चेंडू उंच उडवला आणि तो बाद झाला. त्यानंतर कौटुंबिक संबंध कसे राहिले, याची नोंद आकडेवारीत नाही. नवव्या इनिंगमध्ये कँपानेरिस कॅचर झाला आणि प्रतिस्पर्धी एंजल्सचा एड कर्कपॅट्रिक होम प्लेटकडे, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या जागेकडे, धावत येऊन त्याच्यावर जोरात आदळला. कँपानेरिसने चेंडू सोडला नाही, कर्कपॅट्रिक बाद झाला. परंतु खांदा दुखावल्यामुळे कँपानेरिसला मैदान सोडावे लागले आणि तेराव्या इनिंगमध्ये संघ हरला. संघाचा उत्कृष्ट शॉर्टस्टॉप जायबंदी, सामना हातचा गेलेला आणि मालक खूश! १९६८ मध्ये मिनेसोटाच्या सेझार तोवारने हाच प्रकार केला, तेव्हा त्याने पिचर म्हणून सुरुवात केली आणि त्याच्यापुढे पहिला बॅटर होता खुद्द कँपानेरिस. योगायोग सुंदर आहे, हे मी मान्य करतो. तथापि या कसरतींचा अष्टपैलुत्वाशी संबंध नाही. तेथे जागा बदलण्यासाठी जागा बदलली जात होती. २०१५ मध्ये त्याच कॅन्सस सिटीत ती बदलली गेली, कारण गॉर्डन बरा होऊन आला होता.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे शिल्लक आहेत आणि पत्रिकेतील विषय अजून सुरू व्हायचा आहे, त्यामुळे कारणे धावतच सांगतो. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, हे मूळ कारण. झोब्रिस्टच्या काळात संघात पंचवीस जण असत. २०२० पासून ते सव्वीस झाले. पिचर पूर्वीसारखे दीर्घ काळ टिकत नाहीत, म्हणून त्यातील बारा-तेरा जागा पिचरच अडवतात. पिचर सोडून आठ जण मैदानात असतात, नववा केवळ बॅटिंगपुरता. उरतात तीन-चार, आणि त्यांतील एक राखीव कॅचर, ज्याला हात लावायला व्यवस्थापक सहसा धजत नाही. शॉर्टस्टॉपसाठी एक, आउटफील्डसाठी एक आणि फर्स्ट बेससाठी एक असे वेगवेगळे राखीव ठेवायला बाकावर जागाच उरलेली नाही.

दुसरे कारण हिशेबाचे. खेळाडूमुळे संघाला किती जादा विजय मिळाले, याचे ‘वॉर’ नावाचे जे मोजमाप आता सर्वत्र वापरले जाते, त्यात शॉर्टस्टॉप किंवा सेंटर फील्डसारख्या अवघड जागेला झुकते माप मिळते आणि क्षेत्ररक्षणाच्या धावाही मोजल्या जातात. बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या गणनेत झोब्रिस्टचा २००९ चा वॉर आठाच्या वर जातो, त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या जो मॉअरपेक्षाही अधिक. क्लबांच्या कचेऱ्यांनी हे आकडे वाचले, म्हणूनच चौतिशीत असताना कब्सने त्याच्याशी चार वर्षांचा पाच कोटी साठ लाख डॉलरचा करार केला.

गौरव मात्र उशिरा आला. युटिलिटी खेळाडूसाठी स्वतंत्र गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, २०२२ मध्ये सुरू झाला, तोपर्यंत झोब्रिस्ट निवृत्त झालेला होता, आणि त्याच्या संग्रही एकही गोल्ड ग्लव्ह नाही. आज ही रीत इतकी रुळली आहे की २०२४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने हंगामाच्या मध्यावर घेतलेला टॉमी एडमन सेंटर फील्ड आणि शॉर्टस्टॉप अशा दोन्ही जागांवर खेळून नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम ठरला, आणि राइट फील्डमध्ये सहा गोल्ड ग्लव्ह मिळवलेला मूकी बेट्स २०२५ मध्ये त्याच संघाचा कायमचा शॉर्टस्टॉप झाला.