पावसाळ्यानंतर बोट पाण्यात घालताना

नमस्कार श्रोतेहो.

नारळी पौर्णिमा झाली की किनाऱ्यावर होड्यांची लगबग सुरू होते. हौसेने छोटी मोटरबोट बाळगणारेही, अलिबाग-मुरुडचे असोत, मालवणचे असोत की कोयनेच्या जलाशयाकाठचे, याच सुमारास ताडपत्री काढतात. आज बोलायचे आहे ते पंधरा-वीस फुटी फायबरच्या, मागे आउटबोर्ड इंजिन असलेल्या बोटींबद्दल. चार महिने उभी राहिलेली अशी बोट बहुधा मोठ्या बिघाडाने अडकत नाही. ती अडकते आखडलेल्या रबराने, गंजाने आणि शिळ्या पेट्रोलने. आणि हे सगळे जमिनीवरच, एका दुपारी तपासून होते.

सुरुवात इम्पेलरपासून करा. या इंजिनाला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. ते बाहेरचे पाणी ओढून थंड होते. ते पाणी ओढते इंजिनाच्या पायात, उभ्या दांड्यावर बसवलेले रबरी चक्र, मुठीत मावेल एवढे. त्याची पाती पंपाच्या घरात वाकूनच बसलेली असतात. इंजिन चार महिने फिरले नाही की ती तशीच आखडतात, मुळाशी चिरतात. म्हणून "बघू तरी, चालू होते का" म्हणत इंजिन कोरडे कधीही फिरवू नका. रबराला वंगण पाण्याचेच असते. पाणी नसेल तर पाती काही सेकंदांत जळू लागतात. इंजिनाचा पाय गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवा, पाणी ओढण्याच्या जाळीच्या वर पाणी हवे. पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि मग चालू करा.

अर्ध्या-एक मिनिटात मागच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार आली पाहिजे. नाही आली तर इंजिन लगेच बंद करा. पण पंप उघडण्याआधी ते छिद्र पाहा: पावसाळ्यात कुंभारीण माशी त्यात हमखास मातीचे घर करते. तंगुसाचा जाड तुकडा आत सारून मोकळे करा. तरीही धार आली नाही तर इम्पेलर बदला. दोन हंगाम झाले असतील, तर धार चांगली असली तरी बदला. जुन्याची पाती मोजा. एखादे तुटलेले असेल तर तो तुकडा वर पाण्याच्या नळीत अडकलेला असणार. तो काढल्याशिवाय नवा इम्पेलरही इंजिन थंड ठेवू शकणार नाही. नवा बसवताना साबणाचे पाणी लावा, ग्रीस नको, आणि दांडा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवत आत सरकवा.

पाय उघडलाच आहे तर गिअर ऑइलही पाहा. खालचा स्क्रू, मग वरचा, असे काढून तेल निथळू द्या. तेल दुधी चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. कारण बहुतेक वेळा पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेले तंगूस असते. ते सीलमध्ये घुसून रबर कापते. पंखा उतरवून पाहिल्याशिवाय ते दिसत नाही. नवे तेल खालच्या छिद्रातून भरा, म्हणजे हवा वरून निघून जाते. वरून तेल ओसंडले की आधी वरचा स्क्रू लावा, मगच नळी काढून खालचा. दोन्ही वॉशर नवे घाला. जुना वॉशर वाचवून फायदा काहीच नाही.

आता पेट्रोल. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या टाकीत ते पाणी इथेनॉलसकट तळाशी बसते, आणि इंजिनाची नळी ओढते तेही तळातूनच. तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले तर सगळे काढून टाका, पण खाडीत नव्हे. वरून ताजे ओतून ते सुधारत नाही. नळी दुमडून चिरा पाहा. उंदीरही ती कुरतडतात. दाबायच्या रबरी फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. चालत्या बोटीत फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिला आहे. जुन्या टू-स्ट्रोकला पन्नासास एक प्रमाण असेल तर 25 लिटरला अर्धा लिटर तेल, तेही बोटीच्या इंजिनाचे, मोटारसायकलचे नव्हे. सुटी टाकी नेहमी धक्क्यावर उतरवून भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या बुडाशी साचून राहते आणि एक ठिणगी पुरते.

इंजिनाच्या पायावरची, त्याच्याऐवजी स्वतः गंजणारी झिंकची वडी अर्धी झिजली की बदला आणि तिच्यावर रंग लावू नका. गोड्या पाण्यात झिंक नीट काम करत नाही, तिथे मॅग्नेशियमची लागते. बॅटरी चार्ज करून रात्रभर सोडल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. बोटीच्या बुडाशी साचलेले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची परीक्षा बटण दाबून होत नाही. बोटीत दोन बादल्या पाणी ओता आणि पंप आपोआप चालू होतो का ते पाहा. बोटीतले पाणी काढून टाकायच्या मागच्या बुचाचे रबर तपासा. ते बूच लावायचे विसरून बोट उतरवणारे दरवर्षी असतात, म्हणून ते किल्लीच्याच दोरीला बांधून ठेवा.

लाल किल कॉर्डबद्दल, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद पाडणाऱ्या दोरीबद्दल, जरा आग्रहाने सांगतो. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला लावा, सुकाणूला अडकवून ठेवू नका. चालवणारा पाण्यात पडला आणि इंजिन चालूच राहिले, तर सुकाणू सुटून बोट गोल फिरते आणि पंखा त्याच माणसावर परत येतो. इंजिन मंद असताना कॉर्ड ओढून ते बंद पडते का, हे दर फेरीआधी पाहा. कॉर्डची एक जादा क्लिप सोबत्याकडे असू द्या. नाहीतर पडलेल्याला आणायला इंजिन चालू कसे करणार?

पहिली चाचणी कुटुंबाला घेऊन नको. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर जी वेगवान बोट आदळली, तिच्या इंजिनाची चाचणीच चालू होती. चाचणी वर्दळीपासून लांब, दोन माणसांनी, जाकिटे घालून करा. जाकीट बाकाखाली ठेवलेले नको, अंगात हवे. मुलांच्या जाकिटाला पायांमधून येणारा पट्टा असावा, नाहीतर पाण्यात ते डोक्यावरून निघते.

खाडीच्या मुखावर वाळूचा दांडा असेल तर भरती चढत असताना ओलांडा. ओहोटीचे पाणी आणि समोरून येणारी लाट भिडतात तिथे छोटी बोट उलटते. तिथीची पाऊणपट हा कोळ्यांचा ठोकताळा आहे: अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती. नेमकी वेळ मात्र तक्त्यात पाहून घ्या. पेट्रोलचे तीन भाग धरा: एक जायला, एक यायला, एक शिल्लक. कुठे जातो आणि किती वाजता परततो, हे किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून निघा.

आणि इंजिन बंद पडलेच, तर आधी नांगर टाका, म्हणजे बोट खडकाकडे वाहणार नाही. दोर खोलीच्या निदान पाचपट हवा आणि त्याला दोन-तीन मीटर साखळी. मग पाणी ओढायच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी चिकटली नाही ना, ते पाहा. मदत लागली तर बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर 16 नंबरचे चॅनल, नाहीतर तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक. बोलताना पहिल्यांदा ठिकाण सांगा, मग माणसे किती आहेत ते, मग काय झाले ते. कारण मधेच आवाज तुटला, तरी ठिकाण तरी पोचलेले असेल.