साचेखात्यातून झांकीकडे

परवा अनंत चतुर्दशी. आपण सगळे इंदूरकर रात्र जागून झांक्या बघणार, म्हणजे मिलच्या कामगारांनी काढलेले मिरवणुकीतले हलते देखावे. तेव्हा यंत्रमानवाबद्दल बोलायचं तर सुरुवात मी आपल्या जेल रोडवरूनच करतो.

झांकीतला कंस तलवार उगारतो, ती कशाच्या जोरावर? खाली विजेची मोटर असते. पट्टे आणि लहानमोठी चाकं लावून तिचा वेग कमी करतात, मग क्रँक जोडतात, म्हणजे गोल फिरणाऱ्या चाकातून मागेपुढे होणारी हालचाल मिळते. मुलं आ वासून बघतात. मिलच्या साचेखात्यातल्या, म्हणजे विणकाम विभागातल्या फिटरला मात्र त्यात नवल नसे. मागावर तो रोज तेच बघायचा: क्रँक फिरतो, फणी मागेपुढे होते, आडवा धागा नेणारा धोटा या टोकाचा त्या टोकाला पळतो. दिवसभर ज्या हातांनी माग चालता ठेवला, त्याच हातांनी पाळी सुटल्यावर कंसाचा दंड उचलला. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. मालवा मिल 1909 सालची. पुढे हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार. कापड तर त्यांनी विणलंच, पण यंत्राशी सलगी असलेली हजारो माणसं या शहराला दिली, आणि त्यांना एकत्र येण्याची एक वेळ दिली. भोंगा झाला की सगळे एकदमच बाहेर.

मिलचे दिवस सोन्याचे होते, असं मी म्हणणार नाही. कापसाच्या धुळीनं छाती भरायची, मागांच्या आवाजानं कान जायचे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात हुकुमचंद मिल बंद पडली, आणि कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी सुटायला 2023 चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी जण वारले होते. त्या तीस वर्षांत या माणसांनी वर्गणी मागून, उसनवारी करून झांक्या काढल्या. पगार थांबला, झांकी थांबली नाही. याचा विचार मनात आला की मला अजून गहिवरून येतं.

‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या 1920 सालच्या नाटकातून जगभर गेला. तो सुचवला त्यांच्या भावानं, योसेफनं, आणि योसेफ चित्रकार होता. मूळ चेक शब्द ‘रोबोता’, म्हणजे आपली वेठ. वेठ यंत्रानं करावी याला माझी पूर्ण संमती आहे. शेजारच्या पिथमपूरच्या कारखान्यात गाडीच्या सांगाड्यावर ठिणग्या उडवत तोच तो सांधा जोडणारा यांत्रिक हात पाहिला, तेव्हा माणसाचे डोळे वाचले म्हणून बरंच वाटलं.

पण तिथून परतताना एक गोष्ट डाचत राहिली. त्या हाताची हालचाल दुसरीकडे कुणीतरी लिहिलेली असते. शेजारी उभ्या ठेकेदारीच्या पोराला त्या हाताच्या नियंत्रणाचं कपाट उघडायची मुभा नाही. आज इथे, सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत. पाळी सुटली की बस त्याला उचलून नेते. त्याच्या हातात घरी नेण्यासारखं काय उरतं? मिलमधून कौशल्य वस्तीत झिरपायचं. इथे ते कुलपात राहतं.

आपल्या विष्णू चिंचाळकर गुरुजींनी टाकाऊ वस्तूंमध्ये चित्रं पाहायला शिकवलं. वाळकं पान, झाडाचं मूळ, मोडकी वस्तू हातात घेऊन ते फिरवून फिरवून बघत, आणि मग त्यात चेहरा सापडे. यंत्राकडेही असंच हातात घेऊन बघता आलं पाहिजे. म्हणून माझं एक मागणं आहे. आयटीआयच्या मुलांना झांकीच्या मंडपात आणा. जुने फिटर आहेत तोवर त्यांच्याजवळ बसवा. हव्या तेवढ्याच कोनात वळणारी सर्व्हो मोटर, सेन्सर ही पोरं शिकलेलीच आहेत; क्रँक किती लांब घेतला की हात जिवंत वाटतो, ते म्हाताऱ्यांना ठाऊक आहे.

आणि परवा राजवाड्यापाशी झांकी थांबली, तर नातवंडांना देव दाखवून झाल्यावर जरा खाली वाका. पाटाखाली तेलाचा डबा घेऊन बसलेला एक माणूस दिसेल. त्याला नमस्कार करा, आणि मुलांना त्याच्याशी बोलू द्या.