नेमाचा पक्का पिचर : हिरोकी कुरोदा

श्रोतेहो, २५ ऑक्टोबर २०१६ रोजी सापोरोच्या बंदिस्त मैदानात जपानी बेसबॉलच्या अजिंक्यपदासाठीच्या जपान सिरीजचा तिसरा सामना चालू होता. हिरोशिमा कार्पचा ४१ वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, हिरोकी कुरोदा याच्यासमोर प्रतिस्पर्धी संघाचा बॅटर शोहेई ओतानी उभा होता. त्या रात्री ओतानीने त्याला दोनदा डबल, म्हणजे थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, मारला होता, आणि सहाव्या इनिंगमध्ये मात्र त्याचा फटका डावीकडे हवेत गेला व झेलला गेला. त्यानंतर कुरोदाच्या पायाचे स्नायू आखडले. उपचार घेऊन तो पुन्हा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, आला, एकदोन चेंडू टाकून पाहिले आणि स्वतःहूनच परतला. निवृत्तीची घोषणा त्याने आठवडाभर आधीच केली होती, त्यामुळे त्याच्या कारकिर्दीतला ओतानीच शेवटचा बॅटर ठरला.

या माणसाबद्दल मला अनेक वर्षे मनापासून आदर वाटत आला आहे, आणि त्याचे कारण मराठीतल्या एका शब्दात सापडते. ‘नेम’ हा शब्द आपण निशाण्यासाठी वापरतो आणि व्रतासाठीही वापरतो. नेम धरायचा असतो तसा तो पाळायचाही असतो. कुरोदाने दोन्ही केले.

आधी पहिल्या नेमाविषयी. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला टप्पा असतो आणि चेंडू पडला की खेळपट्टीही थोडीफार मदत करते. बेसबॉलमध्ये चेंडू जमिनीला न लागता सुमारे साडेअठरा मीटर अंतर कापतो आणि त्याने बॅटरजवळ जमिनीत बसवलेल्या सतरा इंच रुंद होम प्लेटच्या कडेवरून जायचे असते. जरा आत आला तर बॅटर तो प्रेक्षकांत पाठवतो, म्हणजे होम रन होतो, जरा बाहेर गेला तर अंपायर ‘बॉल’ देतो, आणि असे चार झाले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो. जपानमध्ये कुरोदा वेगावर आणि खाली पडणाऱ्या चेंडूवर भिस्त ठेवणारा पिचर होता. २००८ मध्ये तो अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस डॉजर्स संघाकडे गेला आणि तिथल्या ताकदवान बॅटरांसमोर त्याने आपली पद्धत बदलली. डावखुऱ्या बॅटरच्या कमरेच्या दिशेने चेंडू सोडायचा. तो अंगावर येतोय असे वाटून बॅटर मागे सरकतो, आणि शेवटच्या क्षणी वळून चेंडू प्लेटच्या आतल्या कडेवरून जातो. वळण हातभर कमी पडले तर बॅटरला दुखापत होते आणि जास्त झाले तर होम रन बसतो. हे धाडस हातावर पूर्ण ताबा असलेल्यालाच परवडते. २५ सप्टेंबर २०१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये यँकीज संघाचा नामवंत खेळाडू डेरेक जीटर याचा घरच्या मैदानावरचा अखेरचा सामना होता; कुरोदाही तेव्हा यँकीजकडेच होता. त्या दिवशी पहिल्याच दोन बॅटरांनी कुरोदाला लागोपाठ होम रन मारले, पण त्यानंतर आठ इनिंग पूर्ण होईपर्यंत त्याने एकही धाव दिली नाही. जगाच्या लक्षात जीटरचा विजयी फटका राहिला, जो राहायलाच हवा होता. अमेरिकेतला कुरोदाचाही तो शेवटचा सामना होता.

आता दुसरा नेम. हिरोशिमा कार्प हा संघ बॉम्बहल्ल्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये उभा राहिला. त्याच्या पाठीशी कुठली मोठी कंपनी नव्हती. १९५१ मध्ये संघ मोडकळीस आला तेव्हा स्टेडियमच्या दारात साके या तांदळाच्या मद्याची लाकडी पिंपे ठेवली गेली आणि अजून घरे उभी करत असलेल्या लोकांनी त्यांत नाणी टाकून तो वाचवला. २००६ मध्ये कुरोदाला दुसरीकडे जाण्याची मुभा मिळणार होती. तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात एक भलामोठा फलक उभारला. तुझ्या डोळ्यांत अश्रू आले तर आम्हीच तुझे अश्रू होऊ, असा त्यावर मजकूर होता. तो थांबला. दुसऱ्या जपानी संघाच्या गणवेशात हिरोशिमाच्या माणसांवर चेंडू टाकण्याची आपल्याला कल्पनाच करता येत नाही, असे तो म्हणाला. २००८ मध्ये तो अमेरिकेला गेला, पण जपानमध्ये परतलो तर कार्पकडेच, हे ठरवून. यँकीजकडे तो दरवेळी एकाच वर्षाचा करार करत असे. पुढच्या वर्षी हात कसा असेल याची खात्री नसताना त्याचे पैसे आधी बांधून घेणे त्याला पटत नव्हते.

आणि २०१४ च्या अखेरीस, अमेरिकेत कितीतरी पट मोबदला मिळत असताना, तो हिरोशिमाला परतला. मला सर्वांत मोलाची वाटते ती ही वेळ. खेळून थकल्यावर जुन्या गावी निरोपाचा सत्कार घ्यायला अनेक जण येतात; हा हातात बळ असताना आला. २०१५ मध्ये त्याने ११ सामने जिंकले, २०१६ मध्ये १०, आणि त्याच जुलैमध्ये दोन्ही देशांतले मिळून त्याचे २०० विजय पूर्ण झाले. १० सप्टेंबर २०१६ रोजी टोकियो डोममध्ये कार्पने जपानच्या दोन लीगपैकी एक असलेली सेंट्रल लीग २५ वर्षांनी जिंकली, तेव्हा सुरुवातीचा पिचर आणि विजयाचा मानकरी तोच होता.

जपान सिरीज मात्र कार्पला जिंकता आली नाही. सातव्या सामन्यासाठी कुरोदा राखून ठेवला होता. सहाव्यातच सारे संपले. ५ नोव्हेंबरला शहरातून मिरवणूक निघाली आणि ती संपल्यावर भरलेल्या मैदानात तो एकटाच चालत माउंडपर्यंत गेला. तिथे गुडघा टेकून, मान खाली घालून तो बराच वेळ रडत राहिला. त्याचा १५ क्रमांक कार्पने त्यानंतर कुणालाच दिला नाही.