भाजीतलं पाणी

मंडळी, आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस जेमतेम 550 मिलिमीटर आणि मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर. अशा गावात उन्हाळी भाजीवर बोलायला कुणी उभं राहिलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाणी कुठून आणता? मी म्हणते, आणण्यापेक्षा राखायला जास्त अक्कल लागते. भाजी पिकवणं आणि शिजवणं ही मला दोन कामं वाटतच नाहीत. रानात काय आणि चुलीपाशी काय, पाणी कुठं धरायचं आणि कुठं सोडून द्यायचं, एवढंच बघायचं असतं.

माझा मळा शहराच्या हद्दीला लागून, वीसेक गुंठ्यांचा. विहीर आहे, ठिबक आहे. तरी उन्हाळ्यात सगळं रान मी लावत नाही. विहीर मेमध्ये जेवढं देईल, तेवढीच लागण फेब्रुवारीत करायची. बाकीचं रान मोकळं राहिलं तर राहू द्यावं. उभं पीक अर्धपोटी ठेवलं की काकडी कडवट होते, भेंडी निबर होते आणि गवारीत नुसता दोरा उरतो. असा माल मंडईत नेऊन गिऱ्हाईक तोडण्यापेक्षा पडीक रान परवडलं.

लागण मध्य जानेवारीपासून फेब्रुवारी संपेपर्यंत. थंडी असेल तर भेंडीचं बी उगवायला कुरकुरतं, म्हणून रात्रभर भिजवून टोकायचं. भेंडी आणि काकडी दीड-पावणेदोन महिन्यांत तोड्याला येतात, दोडका थोडा मागून. म्हणजे ऊन कडक होईस्तोवर वेल मांडवावर चढलेला असतो आणि त्याचीच सावली त्याच्या बुडाशी पडते. टोमॅटोच्या नादाला मात्र मी एप्रिल-मेमध्ये लागत नाही. पारा 38-40 वर गेला की त्याची फुलं गळतात, मग औषधवाला काहीही म्हणो.

बुडाशी चार बोटं उसाचं पाचट. ऊस किती पाणी पितो यावर इथं भांडायला नको, निम्मी सभा ऊसवाल्यांचीच असेल. पण लोक फड तुटल्यावर पाचट पेटवून देतात, आणि मला ते मागितलं की मिळतं. पाचट बाजूला सारून भर दुपारी मातीला हात लावून बघा, गार लागते. पाणी पहाटे द्यायचं, तेही वाफसा बघून, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली की. लाईट आली म्हणून मोटर चालू, असं केलं की मुळं वरच्या वर राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं तरी वेल मान टाकतो.

एप्रिलमध्ये आजूबाजूची माणसं एकच तक्रार घेऊन येतात : दुधीला फुलं ढीगभर, फळ एक नाही. ऊन वाढलं, दिवस मोठा झाला, की वेलवर्गात नर फुलं जास्त येतात. मादी फुलाच्या मागं इवलासा दुधी असतो, नर फुलाच्या मागं नुसता देठ. काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात, तिथं मधमाशा काम उरकतात. दुधी आणि दोडका फुलतो दिवस कलल्यावर. तेव्हा फळधारणा होत नसेल तर संध्याकाळी नर फूल खुडून मादी फुलावर हलक्या हातानं फिरवायचं. घरातली पोरं हे काम आनंदानं करतात. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचे, म्हणजे नर माशीला वासानं ओढणारे, सापळे टांगायचे आणि किडकी फळं बांधावर न फेकता खोल पुरायची. भेंडीवर पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की समजायचं, पांढऱ्या माशीनं रोग आणला. तसं झाड दया न करता उपटायचं.

तोडा उजाडताना. रात्रभर झाडानं पाणी ओढलेलं असतं, त्यामुळे पहाटेची भाजी सगळ्यात भरलेली. भेंडी एक दिवसाआड तोडलीच पाहिजे, नाही तर पुढच्या खेपेला ती मोडत नाही, वाकते. तोडलेल्या मालावर मी ओला टॉवेल टाकते, आपल्याच पूर्व भागातल्या मागावरचा. इथली हवा कोरडी, म्हणून ओलं फडकं माठासारखं काम करतं. मुंबईच्या दमट हवेत त्याचा निम्माही उपयोग होणार नाही. लक्ष्मी मंडईत कुणी भेंडी-गवारीवर सारखं पाणी मारताना दिसला तर पुढं चला. पालेभाजीला ते ठीक, भेंडी त्यानं चिकट होते आणि काळी पडते.

आता चुलीकडे. ताज्या दोडक्याला शिजताना वरून पाण्याचा थेंब घालू नये. जिरं-लसणाची फोडणी, तासभर भिजवलेली मूगडाळ, दोडक्याच्या फोडी, आणि वर ताटली झाकून त्या ताटलीत पाणी. आतली वाफ ताटलीला लागून परत भाजीतच पडते. शेवटी शेंगदाण्याचा कूट. तो आधी घातला तर सगळा ओलावा पिऊन बसतो आणि भाजी बुडाला लागते. दोडक्याच्या शिरा टाकू नका. तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, लसूण घालून कुटा. गवारीला फोडणीत ओवा, मग काळं तिखट आणि गुळाचा खडा. गूळ गोडीसाठी नाही, गवारीचा उग्रपणा दाबायला.

भेंडीचं सगळं उलटं. तिचं पाणी जाऊ द्यायचं. आधी धुवून कोरडी पुसायची, मग चिरायची. झाकण नाही, मीठ शेवटी, कारण मीठ पाणी सोडवतं आणि तार सुटते. चिंच, आमसूल, जे आंबट असेल ते थोडं.

एक गोष्ट मात्र ऐकाच. दुधी चिरल्यावर बोटाच्या पेरभर तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या. तो कडवटपणा विषारी असतो, शिजवल्यानं जात नाही आणि गूळ घालून लपवणं तर फारच वाईट. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. काकडीचं तोंड कापायची आपली जुनी रीत याच जातीची, कडवटपणा देठाकडे जास्त असतो. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्याला घाबरू नका. चिंच-गुळात मुरवा नाही तर कडक भाकरीबरोबर तळलेले काप खा.

चिठ्ठी आली आहे, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, गच्चीवर काय लावू? तांदुळजाची पालेभाजी. तांदुळजा महिन्याभरात खुडायला येतो आणि पुन्हा फुटतो. कुंडी तापलेल्या स्लॅबवर ठेवू नका, खाली विटा आणि भोवती गोणपाट. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नको. आणि दुधीचा वेल आत्ता मे महिन्यात लावायला घेऊ नका, मृगाचा पाऊस पडू द्या.