बागेखालचे स्थानक आणि तेरा एल्म वृक्ष

श्रोतेहो, नमस्कार.

शहराच्या मध्यवस्तीत भुयारी मेट्रोचे स्थानक बांधायचे ठरले की आराखडा करणाऱ्यांची नजर बहुधा आधी बागेवर जाते. बागेखाली कोणाच्या घराचा पाया नसतो, जागेसाठी कज्जे लढावे लागत नाहीत, वर्दळीचा रस्ता वर्षानुवर्षे अडवावा लागत नाही आणि यंत्रे उभी करायला ऐसपैस जागा मिळते. नकाशावर तेवढाच तुकडा मोकळा दिसतो. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे असाच एक तुकडा निवडला गेला आणि तेथे १९७१ साली जे घडले, त्याविषयी मी आज बोलणार आहे.

त्या बागेचे नाव कुंग्सत्रेगोर्डन, म्हणजे राजाची बाग. कधीकाळी तेथे राजवाड्याच्या मुदपाकखान्यासाठी भाजीपाला पिकत असे. पुढे ती शहरवासीयांची बाग झाली. मेट्रोच्या निळ्या मार्गाचे शेवटचे स्थानक याच बागेखाली बांधायचे ठरले.

बागेखाली स्थानक बांधण्याच्या दोन मुख्य रीती आहेत आणि वरच्या झाडांचे काय होणार, हे बरेचसे त्यांवर ठरते. पहिल्या रीतीत वरून खड्डा खणतात, कडेने भिंती उभारतात, तळ आणि छत ओततात आणि छतावर पुन्हा माती पसरतात. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील मध्यवर्ती बागेखाली राजीव चौक स्थानक असेच बांधले गेले. तेथून २००५ च्या जुलैत गाड्या धावू लागल्या आणि बाग वर नव्याने आखून लावण्यात आली. हिरवळ आणि फुलझाडे अशा छतावर उत्तम वाढतात. मोठ्या वृक्षाला मात्र ती जागा कुंडीसारखी असते. त्याची मुळे खोडापासून चोहोबाजूंना लांबवर पसरलेली असतात आणि खाली काँक्रीट लागले की त्यांची वाट खुंटते. पन्नास-शंभर वर्षांच्या झाडाच्या जागी रोप लावले, तर हिशेबाच्या वहीत भरपाई झालेली दिसते, परंतु आज त्या झाडाखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती सावली पुन्हा मिळत नाही.

दुसरी रीत खोल खडकात शिरण्याची. स्टॉकहोम कठीण खडकावर वसले आहे, त्यामुळे तेथे सुरुंग लावून गुहा कोरता येते आणि वरच्या मातीला धक्का लावावा लागत नाही. कुंग्सत्रेगोर्डनचा फलाट जमिनीखाली सुमारे ३४ मीटर आहे. इतक्या खोलीवर झाडाच्या मुळांचा संबंधच येत नाही. मग भांडण कशावरून झाले?

भांडण झाले प्रवेशद्वारावरून. स्थानक कितीही खोल असले, तरी माणसांना उतरायला जिने हवेत, हवा खेळायला झरोके हवेत, आणि ती तोंडे जमिनीवर कोठेतरी उघडावीच लागतात. ठरलेल्या जागी तेरा एल्म वृक्ष उभे होते. शहराच्या कारभाऱ्यांनी ते तोडायचे ठरवले आणि ११ मे संपून १२ मे सुरू होणाऱ्या रात्री कामगार पोलिसांच्या बंदोबस्तात करवती घेऊन आले. शहरातील माणसे सावध होती. कुंपण मोडून ती आत शिरली, झाडांवर चढली, फांद्यांना झोळ्या बांधून त्यांत बसली. घोडेस्वार पोलीसही गर्दी हटवू शकले नाहीत. काही खोडांवर करवती चालल्या होत्या, पण एकही झाड पडले नाही. लोकांनी पुढे कित्येक दिवस तेथे पहारा दिला आणि अखेर शहराने माघार घेऊन प्रवेशद्वार दुसरीकडे नेले.

मला या घटनेत महत्त्वाचे वाटते ते असे, की स्थानक रद्द झाले नाही. ते ३० ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झाले. जी तडजोड आदल्या दिवशी अशक्य म्हणून सांगितली जात होती, ती आराखड्यातील दाराची जागा बदलून साधली. मुंबईत कुलाबा ते सीप्झ या भुयारी मार्गासाठी झाडे तोडण्यावर उच्च न्यायालयाने २०१७ च्या फेब्रुवारीत स्थगिती दिली आणि ती मे महिन्यात उठवली, तेव्हाही वाद प्रामुख्याने स्थानकांच्या जागांवरील झाडांचा होता. बोगदा खोदणारे यंत्र झाडांखालून मुकाट निघून जाते. झाडांवर घाला येतो तो स्थानकाच्या खड्ड्यामुळे आणि दारांमुळे. म्हणूनच नागरिकांनी आराखडा पाहायला मागावा तो जिन्यांच्या आणि झरोक्यांच्या जागांचा, आणि तोही निविदा निघण्यापूर्वी.

खोदकामात पाण्याची बाजूही जपावी लागते. गुहेत पाणी झिरपू लागले की वरची भूजलपातळी उतरते. जुन्या स्टॉकहोममधील अनेक इमारती लाकडी खांबांच्या पायावर उभ्या आहेत. ते लाकूड पाण्यात बुडालेले असते तोवर शतकानुशतके टिकते, पण उघडे पडून त्याला हवा लागली की कुजू लागते. म्हणून खडकाला आधी भोके पाडून सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरतात आणि भेगा बुजवतात.

तरीही थोडे पाणी येतेच. कुंग्सत्रेगोर्डनच्या फलाटावर उघड्या खडकावरून ते ओघळताना दिसते आणि त्या ओलीवर शेवाळ वाढते. चित्रकार उलरिक सॅम्युएल्सन यांनी या स्थानकात जुन्या बागेचीच आठवण मांडली आहे. जमिनीवरचा हिरवा रंग बागेचा, लाल रंग खडीच्या पायवाटांचा आणि पांढरा संगमरवरी पुतळ्यांचा. बागेत पूर्वी माकालोस नावाचा वाडा होता, तो १८२५ साली जळाला. त्याच्या शिल्पांच्या प्रतिकृती खडकापाशी मांडलेल्या आहेत. त्या वाड्याचे पुढे शस्त्रागार झाले होते, म्हणून शेजारच्या रस्त्याला आर्सेनाल्सगाटान म्हणतात, आणि आज स्थानकाचे एक दार त्याच रस्त्यावर उघडते.

त्या दारातून बाहेर पडून बागेत शिरले, की चहाघराच्या टेबलांवर एल्मची सावली पडलेली असते. खोडाजवळ जाऊन पाहिले, तर करवतीचे जुने वण अजून ओळखू येतात; त्यांच्या कडांनी नवी साल चढत आलेली आहे.