आगळाच्या बाटलीवरचं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना सरत आला की आपल्या किनाऱ्यावर घरोघरी एकच धांदल असते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, सोलं वाळवायची, आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, गाळून बाटल्यांत भरायचं, पाऊस यायच्या आत फणसाची साटं काढून घ्यायची. एवढा जीव ओतून माल तयार होतो आणि लेबलावरचं नाव मात्र ठरतं घाईघाईत. छापखान्यात विचारतात, "नाव काय टाकू?" आणि आपण मनात येईल ते सांगून मोकळे होतो. आज मला त्या नावाविषयी बोलायचंय. मुंबईचा चाकरमानी पुढच्या वर्षी तुमचंच आगळ मागेल, तेव्हा त्याच्या तोंडी ते नावच असेल. तेच नाव दुसऱ्याच्या बाटलीवर असेल तर तुमची मेहनत त्याच्या गल्ल्यात जाईल.

आपली नावं बहुतेक कशी असतात? कोकण, मालवण, रत्नागिरी, आणि त्यापुढे मसाला, कोकम किंवा हापूस. ऐकायला गोड वाटतात, पण ट्रेडमार्क म्हणजे आपल्या मालाची ओळख म्हणून नोंदवलेलं नाव किंवा चिन्ह, आणि त्याच्या १९९९ च्या कायद्यानुसार नुसता मालाचा प्रकार, गुण किंवा गाव सांगणारं नाव सहसा एकट्याच्या मालकीचं होत नाही. मला हे अगदी योग्य वाटतं. 'मालवणी मसाला' हे शब्द कोणी एकाने अडवून धरले, तर मालवणातल्या बाकीच्या घरांनी पाकिटावर काय लिहायचं?

हापूसचं तर आणखी वेगळं आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याला आपण जीआय म्हणतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या बागायतदारांचा तो सामाईक हक्क आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूलाही असं मानांकन आहे. तुमची बाग किंवा कारखाना त्या हद्दीत असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून जरूर नोंद करा. पण तो हक्क सगळ्यांचा झाला. तुमच्या घराची ओळख त्याच्या जोडीला वेगळी हवी.

ती शोधायला लांब जायला नको. मांगर, व्हाळ, खळं, पाणंद असे कितीतरी शब्द आपल्या बोलण्यात आहेत आणि त्यांचा मसाल्याशी काही संबंध नाही. नोंदणीसाठी असंच नाव बळकट ठरतं. आवडलेलं नाव आधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधा, हा शोध फुकट आहे. जुळणारी अक्षरं पाहून थांबू नका, उच्चाराने जवळ जाणारी नावंही बघा, कारण गिऱ्हाइकाच्या कानाला होणारा घोळही कायदा मोजतो.

मग अर्ज. आपल्यासाठीचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो, एसटीने जायची गरज नाही. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये आहे, एका वर्गाला, म्हणजे मालाच्या एका गटाला. मोठ्या कंपनीला ९,०००. लघुउद्योग म्हणून सवलत घ्यायची तर उद्यम प्रमाणपत्र लागतं आणि ते विनाशुल्क मिळतं. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. लोणचं, सोलं, भाजलेले काजूगर २९ मध्ये. मसाला आणि पिठं ३० मध्ये. ताजा आंबा ३१, सरबत ३२, आणि गुहागर-तारकर्लीला घरात पाहुणे ठेवत असाल तर ४३. सगळेच घ्यायचे म्हटलं तर खर्च फुगतो. माझं स्पष्ट मत आहे, पैसा बेताचा असेल तर ज्या मालावर घर चालतं तेवढाच वर्ग आधी घ्या, आणि चित्राऐवजी साध्या अक्षरांतलं नाव नोंदवा. लेबलाचं चित्र पुढे बदललं तरी नावाचं संरक्षण टिकतं.

बचत गटाच्या ताईंना एक विनंती. अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. गट मोडला तर नाव कोणाकडे राहील, तेही लिहा. चार घरांत कायमचं बोलणं बंद व्हायला एवढी एक गोष्ट पुरते.

अर्ज केला की क्रमांक मिळतो. नोंदणी झाली नसली तरी नावापुढे टीएम, म्हणजे ट्रेडमार्क, लिहिता येतं. गोलातलं आर हे अक्षर मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच. त्याआधी ते छापणं कायद्याविरुद्ध आहे. पुढे कार्यालय अर्ज तपासतं आणि त्याचा परीक्षण अहवाल येतो. त्यात आक्षेप असला तर घाबरू नका, पण ३० दिवसांत उत्तर द्यायलाच हवं. म्हणून अर्जात तुमचाच, रोज उघडला जाणारा ईमेल द्या. नंतर नाव कार्यालयाच्या जर्नलमध्ये, म्हणजे त्यांच्या अधिकृत पत्रिकेत, छापून येतं आणि चार महिने कोणालाही हरकत घेता येते. हरकत आली नाही तर नोंदणी होते, अर्जाच्या तारखेपासून १० वर्षांसाठी, आणि पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण. तुम्ही ते नाव आधीपासून वापरत असाल तर जुनी बिलं, जुनी लेबलं जपून ठेवा. आधीपासूनच्या वापराला कायद्यात वजन आहे.

आता संकेतस्थळाचं नाव. ट्रेडमार्क मिळाला म्हणून ते आपोआप मिळत नाही आणि ते घेतलं म्हणून ट्रेडमार्क होत नाही. नाव दोन्हीकडे मोकळं आहे ना, हे एकाच दिवशी पाहा. आपल्या शब्दांची रोमन अक्षरांत पंचाईत होते. व्हाळ लिहायचं तर एक ए की दोन ए? शेजारणीला फोनवर सांगून बघा. तिला पुन्हा न विचारता लिहिता आलं तर नाव चालेल. जमलं तर दोन्ही स्पेलिंग घ्या. डॉट इन आहे, डॉट कॉम आहे, आणि देवनागरीत डॉट भारतही मिळतं.

आणि इथे मी सगळ्यात कळकळीने सांगतो. संकेतस्थळ मुंबईचा पुतण्या बनवून देईल किंवा बाजारातला कोणी, पण नावाची नोंद तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर झाली पाहिजे. बनवणाऱ्याच्या खात्यात ते नाव राहिलं आणि संबंध बिघडले, तर दुकान तुमचं आणि कुलूप त्याचं अशी गत होते. खात्याचा पासवर्ड घरात आणखी एका माणसाला माहीत असू द्या. मुदत संपण्याची तारीख कालनिर्णयावर लाल पेनाने लिहा. मुदत गेली आणि नाव सुटलं, तर ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. डॉट इनच्या बाबतीत कोणी वाईट हेतूने तुमचं नाव घेतलं, तर दाद मागायची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये सांगितलंय की संकेतस्थळाच्या नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं. पण तो खर्च आणि तो मनस्ताप लहान घराला परवडत नाही.

तेव्हा यंदा छापखान्यात जाण्यापूर्वी आठवडाभर थांबा. शोध घ्या, संकेतस्थळाचं नाव घ्या, अर्ज भरा, आणि त्यानंतर लेबलं छापायला द्या. नमस्कार.